आधी सूज, मग गोळी

(वसंत व्याख्यानमाला, चंद्रपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवसभर अंगाची लाही लाही झाल्यावर संध्याकाळी सभागृह असं भरावं, हे चंद्रपुरातच होतं. (हशा) पत्रिकेत विषय आहे 'वेदनाशामक गोळ्यांपासून सुटका'. सुटकेची रीत सांगतोच, पण माझा आग्रह आधी ऐका. सांध्याची सूज आटोक्यात येत नाही, तोवर दुखण्याची गोळी कमी करायला घेऊ नका. आधी सूज, मग गोळी. आज मी कुठूनही सुरुवात केली तरी इथंच येणार आहे.

अफू, तिचे नीमच आणि गाजीपूरचे सरकारी कारखाने, तिच्यातून निघणारं मॉर्फिन हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. दुखण्याच्या गोळीतलं ट्रामाडॉल हे अफूच्याच कुळातलं, पण कारखान्यात तयार झालेलं औषध. ते दुखण्याची जाणीव बोथट करतं. आमवातात सांध्याच्या अस्तराला आलेली सूज कूर्चा आणि हाड खात असते, तिला ते हातही लावत नाही. रानात वणवा पेटलेला असताना धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेण्यासारखं आहे हे.

आपल्याकडं सांधेदुखी किती? पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली. साधारण १८ टक्के प्रौढांना सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं निघालं. पक्का आमवात दोनशेत एकाला. गडचिरोलीतल्या शोधग्राम दवाखान्याचं काम तर तुमच्या शेजारचंच आहे, तिथं मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबईचे सर्जन येतात, ते मी काय सांगू! आणि २००६ चा चिकुनगुनिया या सभागृहात कोणी विसरलं असेल असं वाटत नाही. ताप आठवड्यात गेला, सांधे अनेकांचे वर्ष-वर्ष धरलेले राहिले.

एक उदाहरण दोन मिनिटांत सांगतो. मूल तालुक्यातल्या एक बाई. तेंदूपत्ता तोडायचा, धानाच्या रोवणीला वाकायचं, हेच आयुष्य. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी अर्धा दिवस मूठ वळत नसे. बाजाराच्या गावी कुणीतरी ट्रामाडॉलची गोळी सुरू करून दिली. पुढं ५० मिलिग्रॅमच्या चार रोज, कित्येक वर्षं. त्या म्हणायच्या, "गोळी नाई खाल्ली तं चुलीजवळ बसता येत नाई जी." मुलानं कुठंतरी ऐकलं की ही नशेची गोळी आहे. त्यानं पाकीट उकिरड्यावर फेकलं. आईच्या काळजीपोटीच फेकलं, हे लक्षात घ्या. तिसऱ्या दिवशी बाईंना जांभयांवर जांभया, नाक वाहतंय, मे महिन्यात अंगावर काटा, जुलाब, पाय एका जागी ठरेनात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस झाला, मग भगत झाला, मग आमच्याकडं आले.

आम्ही काय केलं? सवय अजून मोडलेली नव्हती, म्हणून तीच गोळी, तेवढीच, पुन्हा सुरू केली. मुलगा संतापला. त्याला समजावलं, बाबा रे, शरीराला सवय झालेली आहे, ती एकदम तोडली की शरीर असं बंड करतं. गोळी तुटल्याचं दुखणं सर्वांगाचं असतं आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. आमवाताचं दुखणं सांध्यात असतं, सकाळी जास्त असतं, तिथं सूज दिसते. ही दोन दुखणी एकमेकांत मिसळली की माणसाला वाटतं रोग वाढला, आणि तो दुप्पट गोळ्या खातो.

मग रक्त तपासून सूज आटोक्यात आणणारं मेथोट्रेक्झेट सुरू केलं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. वार कसा लक्षात राहणार? गावाचा बाजार ज्या दिवशी, त्या दिवशी गोळी! बाजार कुणी विसरतं का? (हशा, टाळ्या) फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. आणि मोहाची दारू पूर्ण बंद, कारण मेथोट्रेक्झेटबरोबर ती यकृत बिघडवते आणि ट्रामाडॉलबरोबर श्वास मंद करते. या औषधाचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. तोवर ट्रामाडॉलला आम्ही हात लावला नाही.

मूठ सकाळी लवकर वळायला लागली, तेव्हा उतरण सुरू केली. वर्षाहून जास्त घेतलेल्यांचा डोस महिन्याला साधारण १० टक्के कमी करतात. २०० चे १० टक्के २०. ५० च्या साध्या गोळीची अर्धी म्हणजे २५. महिन्याला अर्धी गोळी कमी, इतकं सरळ. कागदावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून दिले, सुनेनं तो भिंतीला चिकटवला. रोवणीच्या महिन्यात आणि तेंदूच्या हंगामात काहीही कमी करायचं नाही, आहे तिथंच थांबायचं. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. आपल्या जिल्ह्यांत गोळीचं वेळापत्रक धानाच्या वेळापत्रकाला धरूनच लावलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या रांगेतले डॉक्टर मित्र म्हणताहेत, ओपीडीत एवढा वेळ कुठून आणायचा? बरोबर आहे, मी तुम्हाला दोष देत नाही. पण कागद लिहायला एक मिनिट लागतं, आणि सूनबाई बाकीचं सगळं करते. औषध दुकानदार बंधूंनाही मी दोष देत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आलं, ते योग्यच झालं. पण कायद्याच्या भीतीनं जुन्या पेशंटला एका दिवसात रिकाम्या हातानं परत पाठवू नका, डॉक्टरकडं पाठवा. अमेरिकेत या कुळातल्या औषधांविषयीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर हेच झालं. धडाधड गोळ्या तोडल्या, लोकांनी हाल सोसले, आत्महत्या झाल्या. २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला एकदम बंद करू नका असा इशारा द्यावा लागला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. भराभर सांगतो. 'एसआर' लिहिलेली गोळी तोडायची नाही, तोडली तर सगळं औषध एकदम अंगात उतरतं. फिट येणाऱ्यांनी आणि मनाच्या आजाराची औषधं घेणाऱ्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगायचं. गरोदर बाईनं ट्रामाडॉल आपल्या मनानं बंद करायचं नाही. गोळी कमी झाली म्हणून डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं वाढवू नका. आपल्या उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर बेततात. सिकलसेलची कळ हा वेगळा विषय. तिथं दवाखान्यात मॉर्फिनसुद्धा लागतं, कळ आलेल्या पोराला नशेबाज समजून हाकलू नका.

आणि हे तरुणांनी नीट ऐकावं. घरातल्या कुणाची गोळी कमी झाली असेल किंवा सुटली असेल, आणि एखाद्या रात्री दुखणं उसळलं, तर जुना पूर्ण डोस देऊ नका. सवय मोडलेल्या शरीराला तोच डोस मारक ठरू शकतो. उरलेली पाकिटं घरात ठेवू नका. सल्ला लागला तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे, लिहून घ्या. प्रश्न बरेच दिसताहेत, वेळ संपला. ज्यांच्या घरी अशा गोळ्या चालू आहेत त्यांनी पाकीट आणि जुने कागद घेऊन उद्या सकाळी या, मी दुपारच्या गाडीपर्यंत इथंच आहे.