कठड्याची खाट



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. मी मात्र कलेवर बोलणार आहे. चित्रकलेच्या सरांना हसू येईल, कारण माझी वही शेजारी बसणारी मैत्रीणच रंगवून द्यायची!

२०१६ साली ऑफिसच्या कामासाठी मी लंडनमध्ये होते. एका रविवारी टेट मॉडर्नमध्ये मोना हातूम यांच्या मांडणशिल्पांचं प्रदर्शन पाहिलं. या बाई पॅलेस्टिनी कुटुंबातल्या, जन्म १९५२ चा, बैरूतचा. १९७५ मध्ये त्या लंडनला आल्या असताना लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. त्यांच्या कलेत घर पुन्हा पुन्हा येतं, ते उगीच नाही.

'होमबाउंड'मध्ये टेबल, खुर्च्या, स्वयंपाकघरातली भांडी, सगळं आपल्याच घरातल्यासारखं. पण वायरींनी एकमेकांना जोडलेलं आणि त्यातून वीज खेळवलेली. दिवे मंद होतात, प्रखर होतात, विजेची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. मध्ये तारांचं कुंपण.

त्याहून लक्षात राहिली ती लहान बाळाची कठड्याची खाट, १९९३ ची. चार बाजूंना भक्कम लोखंडी कठडे. जवळ जाऊन पाहिलं, तर गादी नाहीच. तिच्या जागी चीज कापायच्या बारीक तारा ताणून बसवलेल्या. बाळ पडू नये याची सगळी सोय आहे, फक्त बाळाला निजवता येणार नाही.

तेव्हा मी फोटो काढला आणि विसरून गेले.

बाबा गेल्यावर आई गावच्या घरात एकटी राहिली. मी कामाच्या सवयीने उपाय शोधला. घरात तीन कॅमेरे, दाराला सेन्सर, फोनवर सूचना. मीटिंगमध्ये बसूनही दिसायचं, आई खुर्चीत आहे. सगळं ठीक! मी निश्चिंत. माझे फोन मात्र कमी होत गेले. दिसतेय की, मग विचारायचं काय?

एक दिवस स्वयंपाकघरातला कॅमेरा काळा झाला. घाबरून फोन केला. आईने त्यावर टॉवेल टाकला होता. म्हणाली, "आठ दिवस ताप होता मला. तू बघत होतीस ना?"

मी बघत होते. खुर्चीत बसलेली आई मला रोज दिसत होती. ताप कॅमेऱ्यात दिसत नाही.

त्या रात्री तो जुना फोटो शोधून काढला. कठडे मी चांगले बांधले होते.

कॅमेरे अजून आहेत, खोटं कशाला बोलू? पण आता रोज रात्री नऊला मी फोन करते, आणि बोलते.

गावात राहणाऱ्यांना एक विनंती. शाळेच्या रस्त्याने जाल तेव्हा आईकडे डोकवा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या हातचे पोहे खाल्लेत. ती अजून नावं विचारते.