जुन्या वास्तूंचे वैद्य

वैद्य जशी नाडी पाहतो, तशी जुन्या इमारतीची ओल आणि भेगा तपासणारा जाणकार म्हणजे संवर्धन वास्तुविशारद. मुंबईचे विकास दिलावरी अनेक वर्षं हेच काम निष्ठेनं करत आले आहेत. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. त्याच्या जीर्णोद्धाराचे ते वास्तुविशारद. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

या विद्येचं मर्म साध्या चुन्यात आहे. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंट थापलं, की ओल आतच कोंडते, गिलावा फुगतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

काही वास्तूंना नवं कामही द्यावं लागतं. मुंबईतलं कावसजी जहांगीर सभागृह १९११ चं. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय नांदतं आहे.

वापरात राहते, तीच वास्तू टिकते. म्हणून आपल्या गावातला जुना वाडा पाडण्याआधी एकदा जाणकाराला जरूर दाखवा.