वकिली शिकणाऱ्या पोरांच्या ओळखी
(शिबिरात केलेलं भाषण)



आम्ही तुमच्याच पाड्यांवरून वकिली शिकायला गेलेली पोरं-पोरी. कॉलेजात विचारतात, पुढे कोणाच्या हाताखाली काम करणार? ज्याचा बाप वकील, काका वकील, त्याचं ठरलेलंच असतं. आपण काळा कोट पाहिला तो बहुतेक समोरच्या बाजूचा. मग आम्ही ओळखी आणायच्या कुठून?

आम्ही ठरवलं, ओळख कामातून जोडायची. सुट्टीत तालुक्याच्या कोर्टात बसतो. नक्कल कशी मागायची, तारीख कुठे बघायची, हे वकिलाच्या कारकुनाला विचारतो. तो सांगतो ते पुस्तकात नाही. मोठ्या वकिलाकडे हात हलवत जात नाही. दाव्याचे कागद तारखेवार लावून, एका पानावर हकीगत लिहून नेतो. कागद नीट असले की तोही वेळ देतो. तालुका विधी सेवा समितीतही जातो. 1987 च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, कमाई कितीही असो, फुकट वकील मागता येतो. दुसऱ्या तालुक्यांत शिकणाऱ्या आपल्या पोरांचे पत्तेही वहीत लिहून ठेवतो.

हे सगळं कशासाठी? 2006 च्या वनहक्क कायद्यात उपविभागीय समितीने दावा फेटाळला, तर निर्णयापासून 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करावा लागतो. कागद कुडात खोचून ठेवला आणि दाखवायचा कोणाला तेच ठाऊक नसलं, तर दिवस जातात, मागोमाग जमीन जाते. त्या 60 दिवसांत ज्याच्याकडे धावत जाता येईल असा माणूस, त्याला आम्ही ओळख म्हणतो.

पण पहिली ओळख तुमची. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कोण कुठली जमीन कसतो, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं नियमात पुरावा धरलंय. ते शहरातल्या कुठल्या वकिलाकडे मिळणार?

म्हणून गावाकडे तीन मागण्या:

1) फेटाळलेल्या दाव्यांची यादी, निर्णयाच्या तारखेसह, वनहक्क समितीने ठेवावी.
2) म्हाताऱ्यांचं म्हणणं ते हयात आहेत तोवर लिहून, अंगठा घेऊन ठेवावं.
3) शहरात ओळखी झाल्या की पोरगं गाव विसरतं. आम्हाला ग्रामसभेत उभं करून विचारा, कोणाकडे गेलात, गावाचं काय काम केलंत? उत्तर द्यायला आम्ही बांधलेले आहोत.

जोहार! जिंदाबाद!