चाकरा : समुद्राचे देणे आणि श्रमिकांचा हक्क



कोकणात पावसाळा सुरू झाला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. केरळात आलप्पुळा जिल्ह्यातील अंबलप्पुळा–पुरक्काड किनाऱ्यावर मात्र ऐन पावसाळा हाच पारंपरिक मच्छीमारांच्या सुगीचा काळ असतो. या फरकाचे मूळ समुद्राच्या ऋतुचक्रात आहे.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तेथील वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि खालच्या थरांतील थंड, पोषक क्षारांनी समृद्ध असे पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर तारलीचे थवे पोसले जातात. काही ठिकाणी तळाचा मऊ चिखल घुसळला जाऊन लाटांचा जोर मोडतो. भोवताली समुद्र खवळलेला असताना तेवढाच पट्टा तळ्यासारखा शांत राहतो व लहान वळ्ळमही त्यात निर्धोकपणे जाळे टाकू शकते. यालाच मल्याळी मच्छीमार ‘चाकरा’ म्हणतात.

परंतु निसर्गाचे देणे कोणाच्या पदरात पडावे, हे निसर्ग ठरवीत नाही. 1953 मध्ये कोल्लमजवळ नीण्डकरा येथे भारत–नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. पुढे कोळंबीच्या निर्यातीतील नफ्याने भांडवल आकृष्ट झाले आणि तळ खरवडणारे ट्रॉलर वाढले. प्रजननाच्या हंगामातही ते चालू राहिले. त्याविरुद्ध मच्छीमारांनी दीर्घ लढा दिला. 1980 मध्ये केरळात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, आणि 1988 मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी पदरात पडली. 2018 पासून ती 52 दिवसांची आहे.

तथापि केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही. केरळातील तारलीचे उत्पादन 2012 मध्ये सुमारे 4 लाख टन होते. 2021 मध्ये ते साडेतीन हजार टनांच्याही खाली घसरले. समुद्राच्या बदलत्या स्थितीचा त्यात वाटा आहे. पण इंजिने लावलेल्या होड्यांवरील प्रचंड रिंगसीन जाळ्यांत कोवळी मासळीही सापडते, हे कटू सत्य नाकारून चालणार नाही. ‘पारंपरिक’ या नावाखालीही आता भांडवल शिरले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बंदीच्या दिवसांत ट्रॉलरचा मालक मागील नफ्यावर तग धरू शकतो. त्याच ट्रॉलरवरील खलाशाची आणि कोळंबी सोलणाऱ्या स्त्रीची मजुरी मात्र थांबते. वळ्ळमवरील मच्छीमार आणि हे मजूर यांना परस्परांचे शत्रू मानणे ही घोडचूक ठरेल. म्हणून बंदीची कडक अंमलबजावणी, कोवळ्या मासळीचे रक्षण आणि बंदीकाळात प्रत्येक श्रमिकाला निर्वाहभत्ता, या तिन्ही मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. समुद्राला विसावा हवाच. पण त्याची किंमत केवळ मजुरांनी मोजावी, हा न्याय नव्हे.