पाठीवर चिकटवलेला पुरावा
(युवक शिबिरातलं भाषण)



आज विषय खाजेचा. हसू नका. जव्हार-मोखाड्याचे वारली, कातकरी, ठाकर, कोकणे दिवाळीनंतर 'जगायला' बाहेर पडतात. गावात जगता येत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. भिवंडी, वसई, तारापूर. कुणी बांधकामावर, कुणी गोदामात. सिमेंटात क्रोमेट. प्लायवूडच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड. चुण्या न पडणाऱ्या कापडावरही तेच. हात फुटतात, पाणी सुटतं. मुकादम म्हणतो, खरूज आहे, अंघोळी करत नाही साले. म्हंजे रोगही आमच्याच घाणीचा!

पण होळीला माणूस घरी येतो नि हात बरे होतात. कामावर गेला की पुन्हा फुटतात. खरूज अशी हजेरीपट बघून येत-जात नाही.

हे सिद्ध करणारी चाचणी आहे. पॅच टेस्ट. १८९५ साली यादासोन नावाच्या जर्मन डॉक्टरनं ती मांडली. संशयित पदार्थ बारीक वाट्यांत घालून पाठीवर चिकटवायचे. फॉर्मल्डिहाइड पाण्यात २ टक्के. पूर्वी १ टक्का लावत, त्यात कित्येक जण निसटायचे. ४८ तासांनी पट्टी काढून बघायचं, परत चौथ्या दिवशी, कधी सातव्याही. कारण हे औषध नुसतं झोंबतंही. झोंबलेलं ओसरतं, अ‍ॅलर्जी टिकते, वाढते.

नि पुस्तक म्हणतं, लाली बघा. कुणाच्या कातडीवरची लाली? काळ्या पाठीवर ती सहज दिसत नाही. तिथं बोट फिरवून सूज नि पुळ्या चाचपाव्या लागतात. म्हंजे डॉक्टरला आमच्या पाठीला हात लावावा लागतो. या देशात ही बारीक गोष्ट नाही.

आता हिशेब. पट्टी असेतो अंघोळ नको, घाम नको, ओझं नको. मोखाड्याहून शहरातल्या मोठ्या इस्पितळात तीन-चार खेपा. रोजंदारीवाल्यानं हे कुणाच्या जिवावर करायचं? १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात रसायनं नि रंग लागून होणारा त्वचारोग कळवण्याच्या रोगांत लिहिलेला होता. पण ठेकेदाराच्या वहीत ज्याचं नावच नाही, त्याचा रोग कोण कळवणार?

गाजर गवत आठवा. १९५० च्या दशकात पुण्याकडे दिसलं. अमेरिकन गव्हातून आलं म्हणतात. गहू गोदीत उतरवला हमालांनी, तोंडं सुजली शेतमजुरांची. तरी आज भारतातल्या पॅच टेस्टच्या संचात गाजर गवत आहे. म्हंजे दुखणं कागदावर येऊ शकतं.

तेव्हा होळीला लोक परततील तेव्हा पाड्यांवर जा. कुठल्या कामावर, कुठल्या तारखेला हात फुटले, घरी किती दिवसांत बरे झाले, लिहून घ्या. डब्यावरची चिठ्ठी फाडून आणायला सांगा. कामावरचा माल स्वतः पाठीवर लावून बघू नका, कातडी जळेल. नि इस्पितळाकडं मागणी एकच नको. चाचणी द्या, आणि त्या दिवसांची मजुरी ठेकेदाराकडून वसूल करा.