यादीतलं आपलं नाव



तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या केंद्रावर, उभं राहून पाहा. 70 पानांचा एक पुडा, असे 1000 पुडे झाले की एक मानक गोणी. कुणी पुडे घेऊन आलं की हिशेब लिहिणारा वही उघडतो ती थेट त्याच घराच्या पानावर. अख्खी वही काही तो वाचत बसत नाही. वेबसाइटवर याद्या लावताना आम्ही प्रोग्रामर मंडळी नेमकं हेच विसरतो.

2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या 10,72,942 होती. तेव्हा एखाद्या योजनेची यादी 40 हजार नावांची निघाली तर नवल नाही. एका ओळीला 200 बाइट धरले तर ती यादी 80 लाख बाइटांची होते. भामरागडच्या एखाद्या गावात सेकंदाला 100 किलोबिट एवढंच नेटवर्क मिळालं, तर ती उतरायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. त्याच यादीतल्या 25 ओळी मागवल्या, तर अर्ध्या सेकंदात हातात.

म्हणून यादीची पानं पाडायची. पण त्यातही गोम आहे. नेहमीची पद्धत अशी: 'पहिल्या 10 हजार ओळी सोड, पुढच्या 25 दे.' त्या 10 हजार ओळी सोडतानाही सर्व्हर मोजत मोजतच पुढे जातो, म्हणून पान जितकं पुढचं तितका उशीर. त्याहून वाईट म्हणजे, तुम्ही पहिलं पान वाचत असताना त्यातलं एक नाव वगळलं गेलं, तर खालची सगळी नावं एकेक ओळ वर सरकतात. दुसऱ्या पानावरचं पहिलं नाव पहिल्या पानावर जातं आणि तुम्हाला कुठेच दिसत नाही. ते नाव ज्याचं, तो यादीत असूनही 'आपलं नाव आलंच नाही' म्हणून तालुक्याहून परत फिरतो. ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते.

त्यापेक्षा खूण ठेवावी. शेवटची ओळ कोणती पाहिली ते ध्यानात ठेवून 'तिच्या पुढच्या 25 दे' म्हणावं. त्याच क्रमाने इंडेक्स केलेला असला की सर्व्हर थेट तिथे पोहोचतो. मात्र ती खूण दुसऱ्या कुणाशी जुळता कामा नये. आपल्याकडे मडावी आणि आत्राम ही आडनावं गावोगावी; पुष्कळदा नावासकट जुळतात. म्हणून नावाला नोंदणी क्रमांकाची जोड हवीच.

आणि त्याही आधी गाव विचारावं. महाभूलेखवर सातबारा बघताना जिल्हा, तालुका, गाव निवडल्यावरच गट नंबराकडे जाता येतं. एवढं केलं तरी निम्मं काम हलकं होतं.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांसाठी वेबसाइट करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: ती लोकांच्या हाती देण्याआधी एकदा कोरचीला किंवा एटापल्लीला जा, तिथल्या माणसाच्या मोबाइलवर उघडा आणि त्याला त्याचं नाव शोधायला सांगा.