इनामगावची बाळं आणि माझा संगणक

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"संगणकाबद्दल काहीतरी सांग" म्हणून मला दहा मिनिटं दिली आहेत. हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात असल्यामुळे संगणकाबद्दल इथं सगळ्यांनाच काही ना काही ठाऊक आहे, निदान जमिनीचे भाव तरी! म्हणून मी हाडांबद्दल बोलणार आहे.

पहिल्या बाकावर एक जबडा दिलाय. भिऊ नका, प्लॅस्टिकचा आहे. बघून मागे सरकवा. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत २०१३-१४ मध्ये प्राचीन मानवाची पंधराशेहून जास्त हाडं आणि दात सापडले. वाट इतकी अरुंद होती की जेमतेम वीतभर फटीतून जाऊ शकतील अशा सहा शास्त्रज्ञ शोधून आत उतरवल्या. सहाही बायका. त्या मानवाला 'होमो नालेडी' नाव दिलं आणि २०१५ मध्ये हाडांची त्रिमिती प्रतिरूपं सगळ्या जगासाठी फुकट खुली केली. टाळेबंदीत मी त्यातला हा जबडा उतरवून घेतला आणि ओळखीच्यांच्या प्रिंटरवर छापून आणला. मूळ हाड कधी माझ्या हातात पडलं नसतं.

माझं रोजचं काम याच्या जवळचंच. सीटी स्कॅनची चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. स्कॅन म्हणजे पावाच्या लादीसारखे काप. प्रत्येक कापातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला शेकड्यांत. संगणकाला सांगायचं, अमुक आकड्याच्या वरचं तेवढं ठेव. की झाली कवटी उभी.

जिवंत माणसाचं हे सोपं. पुरलेल्या कवटीत माती घट्ट बसलेली असते आणि तिचा आकडा पुष्कळदा हाडाच्या आकड्याशी जुळतो. मग एकेक काप बघून हाताने हद्द आखावी लागते. माती ब्रशने काढायला गेलं तर पातळ हाड फुटतं, पडद्यावर काढली तर काही फुटत नाही, हा मोठा फायदा. फुटके तुकडे पडद्यावर फिरवून सांध्याला सांधा लावता येतो. उजवं गाल-हाड नसेल तर डाव्याचा आरसा करून तिथं बसवतात.

या आरशाची मला जरा भीती वाटते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक वजाचं चिन्ह चुकलं आणि रुग्णाची उजवी बाजू डावी दिसायला लागली. चाचणीतच सापडलं म्हणून वाचले. चित्र इतकं सुबक होतं की चुकल्याचं कुणाच्या डोळ्यांना कळलं नसतं. खरा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, आपलं जुनं ग्रुप फोटो बघा. तेव्हा आरशातून आलेला भाग वेगळ्या रंगात दाखवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या पुण्याकडे येते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजने हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीत उत्खनन केलं. वसंत शिंदे सर आणि कोरियन शास्त्रज्ञ यांनी तिथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दोन कवट्यांच्या सीटी स्कॅनवरून चेहरे उभे केले, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पद्धत अशी, की चेहऱ्यावर ठरावीक ठिकाणी मांस किती जाड असतं हे जिवंत माणसांवर मोजलेलं असतं, तेवढे थर कवटीवर चढवायचे. पण कान, ओठ, नाकाचा शेंडा, केस हे हाड नीट सांगत नाही. वर्तमानपत्रात चेहरा छापून येतो तेव्हा ही बाब कुठल्या कुठे जाते. लोक म्हणतात, "हा बघ हडप्पाचा माणूस!"

माझं मन मात्र अडकलंय शिरूर तालुक्यातल्या इनामगावात. घोड नदीच्या काठी इसवीसनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती. १९६८ पासून ढवळीकर, सांकलिया, अन्सारी या मंडळींनी ती खणून काढली. दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यातली बहुतेक लहान मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, आत बाळ, आणि ती घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. का, ते ज्याने त्याने तर्क करावा. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास केला. दातांवरच्या रेघांवरून मूल कधी आजारी पडलं, कधी उपाशी राहिलं, हे कळतं.

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता, हे माझ्या जवळच्या मैत्रिणींनाच माहीत आहे. अकरा दिवस जगला. आपल्याकडे तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. आजोबांनी त्याला ओढ्याच्या कडेला नेलं. आईला सोबत नेलं नाही. जागाही दाखवली नाही. फोटो नाही. आजोबा गेले, ओढ्याची कडही दरवर्षी सरकते.

त्या दोन मडक्यांचं चित्र मी आईला लॅपटॉपवर दाखवलं. दाखवावं की नाही, यात दोन दिवस गेले होते. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"घरातच ठेवायचे?"

"हो. झोपायच्या जागेखाली."

"बरं करायचे," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मग स्वयंपाकघरातूनच विचारलं, "त्या पोरांचे चेहरे करतात का गं तुमच्या संगणकात?"

तान्ह्याच्या कवटीचे पत्रे जुळलेले नसतात, मातीच्या भाराने सुटे होतात. एवढ्या लहान बाळाचा चेहरा करून तो खरा म्हणायला मी धजणार नाही. मी तिला "अवघड असतं" एवढंच सांगितलं. तरी त्यानंतर ती अधूनमधून विचारते, काही नवीन निघालं का.

बाई, तुम्ही विज्ञानाच्या तासाला हाडांची नावं पाठ करून घ्यायचात. मला तेव्हा मार्कांपुरतीच हवी होती. वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, थांबते. जबडा शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणलाय, तेव्हा तो तिसऱ्या रांगेत कुणाच्या पिशवीत गेला असेल तर पुढे पाठवा.